‘ळ’ राहिला, लाल सुटला आणि बारसं पंधरा दिवसांवर

प्रिय काकू,
मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. माझ्या दादाला मुलगी झाली, म्हणजे मी पहिल्यांदाच आत्या झाले. वहिनीच्या डोहाळजेवणाच्या दिवशीच ठरवलं होतं की बाळासाठी क्रॉस स्टिचचं सॅम्पलर, म्हणजे अक्षरं-चित्रं भरलेला भिंतीवरचा नमुना, करायचं, वर मुळाक्षरं, खाली पाळणा, पाळण्याच्या दोन्ही बाजूला मोर आणि चारी कडांनी लाल वेलीची बॉर्डर. पांढरं १४ काउंटचं, म्हणजे इंचाला १४ घरांचं, कापड आणलं, रोज रात्री भांडी आवरली की बसायचे. असे चार महिने गेले. आता बघा काय काय झालंय. बॉर्डर शेवटच्या कोपऱ्यात जुळेना, एक घर कमी पडतंय. सासरे मराठीचे रिटायर मास्तर, त्यांनी चष्मा लावून सगळं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि ‘ह’ला थांबले, म्हणाले, "सूनबाई, ळ कुठाय?" ळ नाहीये काकू. ह च्या पुढं डायरेक्ट क्ष. त्यात परवा हळदीचं बोट लागलं, घाबरून वडीच्या साबणानं घासलं तर डाग लालभडक झाला, वर बॉर्डरचा लाल पण सुटला आणि अख्खा कोपरा गुलाबी दिसायला लागला. तसंच ओलं पिशवीत कोंबून ठेवलंय, बघवत नाही. हॉल मिळत नव्हता म्हणून लांबलेलं बारसं आता पंधरा दिवसांवर आलंय, नाव अजून ठरलेलं नाही, नावाची ओळ मोकळीच आहे. घरात म्हणतात ऑनलाईन नाव छापलेली फ्रेम मागव, दोन दिवसात येते. आणि खरं सांगू का, दोन वर्षांपूर्वी वहिनीला मी भरून दिलेला टेबलावरचा रुमाल गेल्या महिन्यात मला त्यांच्या मिक्सरवर दिसला. उसवू का तसंच पुढं नेऊ का सोडूनच देऊ?
– एक घर चुकलेली आत्या

आत्याबाई, आधी अभिनंदन, पोरगी झाली ते या रडारडीत राहूनच जायचं. तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुला दोन ओळी टाकल्या होत्या की आधी ते पिशवीतून काढ, गार पाण्याच्या बादलीत सोड आणि इस्त्रीकडं बघू पण नकोस, आणि तू ‘सोडलं काकू’ म्हणून कळवलंस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ओलं भरतकाम पिशवीत पडून राहिलं की कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके धरतात, आणि ते ठिपके ना उन्हानं धड जातात ना पाण्यानं. ते वाचलं. बाकीचं सगळं निस्तरण्यासारखं आहे, तो ळ पण, त्याच्यावर मी सावकाश येते कारण तो मला फार आवडलाय.

आधी लाल. तुझ्या कापडावर आत्ता दोन लाल आहेत आणि दोघांची जात वेगळी. जो डाग ठसठशीत आहे, बोटाएवढा, तो दोऱ्याचा नाहीच, ती हळद आहे. हळदीला साबण, सोडा, चुना असलं काही लागलं की ती लाल होते, हळदीत चुना घालून कुंकू करायचे ते याच जोरावर, आणि तू वडीच्या साबणानं घासून नेमकं तेच केलंस, कोपऱ्यात कुंकू करून ठेवलंस. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तिचा रंग काय असा तसा असतो का. पण घाबरू नको, साबण पूर्ण निघून गेला की हा लाल आपोआप परत पिवळ्यावर येतो, हवं तर डागावर लिंबाचे दोन थेंब टाक आणि लगेच खळबळून काढ, डोळ्यादेखत पिवळा होईल. आणि पिवळ्या हळदीला ऊन सहन होत नाही. गच्चीत नाहीतर खिडकीत ऊन येतं तिथं कापड पसर, डाग ओला ठेव आणि डाग सोडून बाकी सगळ्या भरतकामावर जाड टॉवेल टाक, कारण ऊन हळद खातं तसं मोराचा निळा पण खातं. दोन-तीन दिवस रोज असं केलंस की डाग इतका फिका पडेल की फक्त तुला माहीत म्हणून दिसेल. गुलाबीवाला पसारा मात्र पूर्ण निघाल्याशिवाय उन्हात नेऊ नको, तो आधी.

तो गुलाबी म्हणजे बॉर्डरच्या दोऱ्याचा सुटलेला रंग. लाल, मरून, काळा आणि गर्द निळा हे चौघं कायम संशयित, चांगल्या कंपनीचा दोरा असला तरी कधीकधी त्याच्यात जास्तीचा रंग राहिलेला असतो, आणि मॅचिंग सेंटरमधल्या बरणीतली बिननावाची लडी असेल तर विचारूच नको. रंग सुटला म्हणून काम फुकट जात नाही, सुटलेला रंग कापडावर वाळला आणि त्यावर गरम इस्त्री फिरली की मग मात्र तो बसतो. म्हणून गार पाणी, मोठी बादली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि कापड नुसतं बुडवून ठेवायचं, चोळायचं नाही, पिळायचं नाही, घडी घालायची नाही. पाणी गुलाबी झालं की ओतायचं, नवीन घ्यायचं. परत गुलाबी झालं, परत ओतायचं. चार-पाच खेपा झाल्या की माणूस कंटाळतो आणि म्हणतो आता एवढं चालतंय, तिथंच फसतो. पाणी काचेच्या ग्लासात घेऊन पांढऱ्या भिंतीपुढं धरून बघ, अगदी नितळ आलं पाहिजे. मधे लागली तर रात्रभर ठेव बादलीत, सकाळी बघ. लोकं मीठ घाला, व्हिनेगर घाला सांगतात, त्यानं आजकालच्या दोऱ्याचा रंग काही पक्का होत नाही, मी दोन्ही करून बसलेय. आणि पांढरं करायचं ब्लीच अजिबात नको, ते डागाबरोबर मोराला पण धुऊन काढेल. नितळ झालं की टॉवेलवर सपाट पसरून टॉवेलसकट गुंडाळी कर, हातानं दाब, आणि सपाटच वाळव. दोरीवर टांगलंस तर उरलासुरला रंग ओघळून खालच्या ओळीत उतरतो.

हे मला कसं माहीत विचारशील. माझं पहिलं मोठं काम म्हणजे गणपती, लग्नाच्या आधीचं, आयडा-बियडा, म्हणजे फुल्यांसाठीचं तयार घरांचं कापड, तेव्हा माझ्या हातात कुठलं, साताऱ्याच्या मोती चौकातून मॅटीचं कापड आणलेलं आणि त्यावर मोजून मोजून फुल्या. मॅटी किती सरळ विणलीय ते आधी बघावं हे मला कोण सांगणार, तिच्या आडव्या इंचात १२ घरं होती आणि उभ्या इंचात १०, झाला गणपती बारीक, पोट म्हणून नाहीच, नुसता रोज सकाळी अजिंक्यतारा चढून उतरत असल्यासारखा. तरी तो मी हौसेनं धुतला, सोवळ्याचा मरून सोंडेपर्यंत चढला आणि मी पाहुणे यायच्या आत वाळावा म्हणून त्याच्यावर इस्त्री फिरवली. तो गणपती अजून आहे माझ्याकडं, गुलाबी सोंडेचा.

आता बॉर्डर. एक घर कमी पडतंय म्हणजे नक्की कसं कमी पडतंय ते आधी बघ, कारण यात दोन प्रकार आहेत. एक म्हणजे वेल शेवटाकडून येते आणि सुरुवातीच्या फुलीपर्यंत पोचायच्या आधी एक घर अंतर राहतं, दोघी एकाच ओळीत आहेत पण हात मिळत नाही. दुसरा म्हणजे वेल पोचते पण एक ओळ वर नाहीतर खाली, जिन्याची पायरी चुकल्यासारखी. पहिला प्रकार असेल तर एक टाका पण चार महिन्यांचा उसवायचा नाही, कोपऱ्याच्या अलीकडचं शेवटचं पान आणि त्याच्या आधीचं देठ एवढंच उसव आणि देठ एक घर लांब कर, वेलीचं देठ आहे ते, कुठं कमी कुठं जास्त असणारच, देवानं तरी कुठं मोजून केलंय. दुसरा असेल तर वेलीचं शेवटचं वळण एक घर जास्त झोकदार घे, म्हणजे एक पायरी चढली. तू वेल निवडलीस म्हणून सुटलीस. सरळ रेघेची नाहीतर चौकोनांची बॉर्डर असती तर मी तुला उसवच म्हणाले असते, कारण सरळ रेघेतली एका घराची पायरी भिंतीवर लांबून पण खुपते.

पण जुळवायच्या आधी चूक कुठं झालीय ते एकदा शोध, दुरुस्त करायला नाही, मोर तर त्या चुकीवरून मोजलेले नाहीत ना एवढं बघायला. शोधायची सोपी युक्ती सांगते, कापड मधोमध घडी घालून वरची कड आणि खालची कड समोरासमोर आण आणि पानं मोजत जा, घरं मोजू नको, घरं मोजताना फोन वाजतो आणि परत पहिल्यापासून. जिथं वरचं पान आणि खालचं पान शेजारी येत नाही तिथं ती बया बसलीय. मोर, पाळणा मधल्या घरापासून मोजून घातले असतील तर ते बिनधास्त आहेत. बॉर्डरपासून मोजले असतील तर मोर एक घर सरकलेला असेल, त्याला कोण विचारतंय, मोर आहे, चालला असेल जरा.

माझा नियम असा की चूक जागेवर बसून राहिली तर तिला बसू द्यावं, पुढच्या टाक्यांना ढकलायला लागली की त्याच दिवशी उसवावं. पिसाऱ्यात हिरव्याच्या जागी एक फुली निळी गेली, बसू दे. बॉर्डरला एक घर चुकलं तर ते पुढच्या प्रत्येक पानाला ढकलतं. हिशेबच कर ना, मी तासाला शे-सव्वाशे फुल्या घालते, तुझी चूक चारशे फुल्या मागं असेल तर उसवायचे दोन तास आणि परत घालायचे चार, म्हणजे तुझ्या भांडी-आवरून-मग च्या हिशेबात चार-पाच रात्री. पंधरा दिवसात ळ पण आहे, नाव पण आहे. नको. आणि जे काय थोडंफार उसवशील ते कापडाच्या मागच्या बाजूनं उसव, बारीक टोकाच्या कात्रीनं दोन-तीन टाके कापायचे आणि सुईच्या बोथट टोकानं एकेक पाय ओढून काढायचा, पुढून कात्री घातलीस की कापडाचा धागा तुटलाच समज. लाल कुसं राहिलं तर चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचल, आणि उसवलेला दोरा परत वापरायचा कंजूषपणा करू नको, तो केसाळ झालेला असतो.

पुढच्या वेळी, कारण पुढची वेळ येणारच, ही लागण लागली की जात नाही, पहिली फुली घालायच्या आधी कापडावर दर १० घरांवर आडवे-उभे धावदोऱ्याचे चौकोन पाडून घे. मी त्याला बारीक तंगूस वापरते, मासे धरायचा, सुई त्याच्यातून आरपार जात नाही त्यामुळं काम झालं की एका टोकानं सर्रकन निघतो, साधा शिवायचा दोरा फुल्यांमधे अडकतो. एक संध्याकाळ जाते त्यात आणि कंटाळा येतो खरा. पण मग मोजायचं असतं ते फक्त दहापर्यंत.

तर ळ. तुझे सासरे ‘ह’वर थांबले ते वाचून मी एकटीच हसत बसले, आमच्या घरात पण एक असेच आहेत, लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतात आणि मग मुलगी कुणाची ते. पण बघ हं, सगळ्या अक्षरांत तुझ्याकडून राहिला कोण तर ळ, आणि काम कुणासाठी तर बाळासाठी, पाळण्यासाठी. ह आणि क्ष च्या मधे तो आता कुठं घुसवत बसू नको, जागा नसताना घुसवलेलं अक्षर लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं दिसतं. ळ ला पाळण्यात झोपव. पाळण्याच्या आतलं पांघरूण तू मोकळंच ठेवलं असशील, बहुतेक जण ठेवतात, त्याच्यावर मधोमध लाल नाहीतर मोराच्या निळ्या दोऱ्यानं एकटा ळ. ९ घरं रुंद आणि ६ घरं उंच घे. रुंदी विषमच घे, म्हणजे मधली दांडी बरोबर मधल्या घरावर येते, पाचव्या. पहिली ओळ अख्खी शिरोरेषा, ९ फुल्या. दुसऱ्या ओळीत एकटी पाचवी फुली. तिसऱ्या ओळीत दुसरी, तिसरी, चौथी आणि मग सहावी, सातवी, आठवी. चौथ्या आणि पाचव्या ओळीत पहिली, पाचवी आणि नववी. सहावी ओळ परत तिसऱ्यासारखी. दोन वेटोळी, मधली दांडी दोघांची सामायिक, कडेवर दोन पोरं घेतल्यासारखा दिसतो. सगळ्या मिळून २८ फुल्या, अर्ध्या तासाचं काम नाही. आणि सासऱ्यांना परत वाचायला बसव, ह, क्ष, ज्ञ करत ते खाली पाळण्यात येतील तेव्हा त्यांचा चेहरा बघायला मला आवडलं असतं.

नावाचं. आत्या तू आहेस, कानात कुर्रर्र तू करणार, आणि नाव तुलाच माहीत नाही, हे हल्ली सगळीकडंच आहे, आई-बाप शेवटच्या रात्रीपर्यंत फोनवर नावं शोधत असतात. तू नावासाठी थांबू नको. जन्मतारीख, वार, वेळ, गाव हे तर ठरलेलं आहे ना, ते एका छोट्या ओळीत आधी घालून टाक, एकपदरी दोऱ्यानं उलटी टीप मारून, फुल्यांनी एवढी बारीक अक्षरं नीट येत नाहीत. नावाची ओळ मोकळी ठेवताना फक्त एक बघ, शिरोरेषेच्या वर ४ घरं आणि अक्षराच्या खाली ३ घरं रिकामी हवीत. इंग्रजी चार्टवरून आपण करतो तिथं ही खोड कळत नाही, त्यांच्या कॅपिटल अक्षराला ना डोक्यावर काही असतं ना पायात, आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. मी एका लग्नात नवरा-नवरीची नावं भरून दिलेली, नवऱ्याच्या नावात रफार, तो बिचारा वरच्या बॉर्डरच्या तोरणात असा मिसळला की सगळे वऱ्हाडी त्या मुलाचं नाव चुकीचं वाचत होते.

बारशाला ते नाव नसतानाच घेऊन जा. पाळण्याशेजारी ठेव, नावाची जागा कोरी. नाव पुकारलं गेलं की घरी आण आणि आठवडाभरात भरून परत दे. परवा एकीनं मला सुचवलं की बारशात प्रत्येक बाईला एकेक फुली घालायला द्यायची, किती गोड आठवण. गोड आहे खरी पण मी देणार नाही, एकीचा वरचा टाका डावीकडून उजवीकडं जातो, दुसरीचा उजवीकडून डावीकडं, एकीचा ताण एवढा की कापडाला भोक पडतं आणि चौथीच्या हाताला जिलबीचा पाक. वरचे सगळे टाके एका दिशेला असले की फुल्या मक्याच्या कणसासारख्या चमकतात, एक उलटा पडला तर तेवढाच मळकट दिसतो. आठवण फोटोत ठेवा.

आणि हो, बारशात कोणीतरी एक मावशी ते उचलून उलटं करून बघणारच, मागची बाजू. त्याची लाज वाटून घेऊ नको. ही सवय आपल्या भागात कसुतीवरून, म्हणजे कर्नाटकातल्या भरतकामावरून, आली असावी असं माझं आपलं मत, तू सांगलीची, कर्नाटक तुझ्या दारातच, माझ्या आजीच्या इरकलीच्या पदरावर कसुतीची गोपुरं होती, त्यातला गवंती टाका पुढून मागून अगदी सारखा, गाठ म्हणून कुठं नाही, त्यामुळं बायका पदर उलटा करूनच पारख करायच्या. कसुतीत आपल्या फुलीसारखाच एक टाका आहे, त्याला मेंथी म्हणतात, मेथीचा दाणा. पण तो पण मागून थोडा वेगळाच दिसतो. तेव्हा मावशीला सांग की हे फ्रेममधे जाणार आहे, मागं भिंत बघेल. फक्त गाठी नकोत, गाठीचा उंचवटा फ्रेममधे पुढून फोडासारखा दिसतो. दोन पदर घेताना एकच लांब पदर दुमडून दोन्ही टोकं सुईत ओवायची आणि मागच्या वेटोळ्यातून सुई काढून घ्यायची, गाठीची गरजच नाही. नावाची ओळ अशी कर.

मिक्सर. मला पण राग आला असता, तुला खोटं सांगत नाही. पण मी दोन दिवस विचार केला आणि माझं असं झालं की त्या रुमालाला वहिनीनं जागा तरी दिली, माझे तीन रुमाल माझ्या नणंदेच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांत पंधरा वर्षं पडून आहेत, ‘एवढं सुंदर, वापरवत नाही’ म्हणून. मिक्सरवरचा निदान रोज दिसतो, धुतला जातो. बघ जमलं तर पुढच्या खेपेला गेलीस की त्याचा लाल सुटलाय का तेवढं बघ, फुकटात टेस्ट झालेली आहे तुझ्या दोऱ्याची. हे सॅम्पलर मात्र घडी घालता येईल असं देऊ नकोस, फ्रेम करूनच दे, फ्रेम मिक्सरवर बसत नाही. आणि छापलेल्या फ्रेमचं घरच्यांना करू दे, त्यांना हौस असेल तर तीही आणू देत, दोन खिळे मारायला भिंत काय अपुरी आहे.

पंधरा दिवस पुरणार नाहीत अशी धाकधूक असेल तर एक ऐक. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे जेन बॉस्टॉक नावाच्या मुलीचं सॅम्पलर आहे, तारीख घातलेलं तिकडचं सगळ्यात जुनं ते धरतात, त्यावर सन आहे १५९८. त्यात तिनं चक्क एका बाळाची नोंद भरलीय, अ‍ॅलिस ली नावाच्या, जन्म २३ नोव्हेंबर १५९६, मंगळवारी दुपारी. म्हणजे भरून होईपर्यंत ते बाळ दोन वर्षांचं होऊन घरभर पळत असणार. आणि त्याच्या अक्षरांच्या ओळीत जे आणि यू नाहीत, तेव्हा त्यांना आय आणि व्हीपासून वेगळं धरायचेच नाहीत. तुझ्या सासऱ्यांना हे सांगू नको मात्र, ते म्हणतील ळ ला आपल्याकडं वेगळं धरतात.

राहता राहिली फ्रेम. फ्रेमवाल्याकडं कापड ठेवून येऊ नकोस, समोर उभी राहा. बरेच जण प्लायवर गोंद थापून कापड चिकटवतात, दिसायला झटपट चापून चोपून बसतं आणि वर्षा-दोन वर्षांत गोंदाचे तपकिरी पट्टे पुढं येतात. त्याला सांग गोंद लावायचा नाही, पुठ्ठ्यावर कापड ताणून मागं दोऱ्यानं आडवं-उभं बांध, बाजेला नवार घालतात तसं. त्यासाठी चारी बाजूला ३ इंच कापड हवं, तू ठेवलं असशील असं धरते. काच कापडाला टेकू द्यायची नाही, मधे माउंटची पट्टी घालायला लाव. तुमच्याकडं सांगलीत माझ्या मामेसासूबाईंच्या घरात मी भरलेलं ‘सुस्वागतम’ होतं, २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा ते भिंतीसकट पाण्यात होतं, आठवड्यानं दार उघडलं तर प्लाय फुगून फाटलेला, काचेला आतून चिखल. कापड मी सोडवून साताऱ्याला आणलं, बांधलेलं होतं म्हणून सुटलं, चिकटवलेलं असतं तर प्लायबरोबरच गेलं असतं. बादलीत घातलं. नदीचा गाळ होता, रंग नव्हता, तरी पाणी नितळ यायला अकरा खेपा लागल्या. तुझं कितव्या खेपेला आलं ते कळव.